रुमालाखालचा हात

आमच्याकडे घोड्यांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. विकणारा आणि घेणारा एका रुमालाखाली हात घालतात, बोटं दाबून आकडा ठरवतात, आणि भोवतीची गर्दी नुसती रुमालाकडे बघत राहते. लग्न होऊन नांदेडला आले त्या वर्षी माळेगावच्या जत्रेत मी हे पहिल्यांदा पाहिलं. माझे यजमान जनावरांचे डॉक्टर. "तुम्हीपण घाला की हात," मी चेष्टेनं म्हटलं. हे चिडलेच. "मी घोडी तपासायला आलोय. मीच तिथं हात घातला तर उद्या माझं ऐकेल कोण?"

भूकंप झाला तेव्हा हे लातूरकडच्या गावांत गेले आणि भाकरीच्या गाठोड्यांबरोबर मीही. एका पडलेल्या घरापुढं एक घोडी मान टाकून उभी होती. तिचा म्हातारा मालक शेजारी मातीत बसला होता. घोडी चारा खाईना आणि म्हातारा पाणी पिईना. ह्यांनी तिच्या कुशीला कान लावून डोळे मिटले. रडारड चालली होती, ट्रक येत-जात होते, आणि हा माणूस घोडीच्या पोटातलं ऐकत उभा. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आतडी बोलून राहिलीत, बाबा. जगते घोडी." म्हाताऱ्यानं वर पाहिलं, तांब्या उचलला आणि घटाघटा पाणी प्याला. ज्याचं घर गेलं, त्यानं ह्यांच्या एका वाक्यावर पाणी प्यावं! नवऱ्याचं इतकं नवल मला तोवर वाटलं नव्हतं.

पुढं लातूर-नांदेडात क्लासेसचं पीक आलं. चौकाचौकात देवांपेक्षा सरांचे फोटो मोठे दिसू लागले. मी अशाच एका क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवत होते. तास मोबाइलवर घ्यायची वेळ आली तेव्हा मी स्टँड, दिवा, माइक सगळं शिकले आणि ह्यांनाही शिकवलं. घोड्याचं पोट बिघडलेलं कसं ओळखायचं, खूर कसे राखायचे, असं हे व्हिडिओत बोलायचे आणि उमरी-कंधारपासून पार तेलंगणापर्यंत लोक ऐकायचे. मग घोड्यांच्या टॉनिकची एक कंपनी आली. पावडरच्या डब्यावर ह्यांचा हसरा फोटो झळकला. ह्यांचं नाव सांगून कुणी डबा घेतला की ह्यांना त्यातलं काही मिळायचं. व्हिडिओत तेवढं मात्र हे सांगायचे नाहीत.

"पावडर वाईट नाही गं," हे म्हणायचे.

"पण घोडीला लागते का?"

यावर चष्मा पुसायला घ्यायचे. मला भयंकर राग यायचा. घोडीच्या पोटातलं ऐकणाऱ्या माणसाला माझा साधा प्रश्न ऐकू येत नव्हता.

एका वर्षी कंपनीनं माळेगावच्या जत्रेतून थेट प्रक्षेपण ठेवलं. मोबाइल माझ्या हातात, डबा ह्यांच्या हातात. गर्दीतून कंधारकडची एक बाई घोडी घेऊन पुढं आली. वरातीची घोडी होती, गाभण, आणि बाईचं घर चालायचं ते तिच्यावरच.

"सायेब, तुमच्या बोलण्यावरून चंदी कमी केली अन् ही पावडर देऊन राहिले मी," ती म्हणाली. चंदी म्हणजे घोड्याचा भिजवलेला हरभरा. डब्याला पैसे पुरावेत म्हणून तिनं तोच कमी केला होता. घोडीच्या बरगड्या दिसत होत्या. तिनं ह्यांच्या तोंडाकडं नीट पाहिलं आणि विचारलं, "एक खरं सांगा. रुमालाखाली तुमचा हात कोणाच्या हातात हाय?"

लोक हसले. हे हसले नाहीत. मोबाइल बंद करावा असं मला वाटलं, पण मी तो ह्यांच्यावरच धरून ठेवला.

"कंपनीच्या," हे म्हणाले. "डब्यामागं मला पैसे मिळतात, मावशी."

आता ही बाई शिव्या देणार, असं मी धरून चालले होते. तिनं नुसती मान हलवली. "हाव. मंग हात काढा अन् सांगा. देऊ का नको?"

ह्यांनी डबा खाली ठेवला. घोडीच्या कुशीला कान लावला आणि डोळे मिटले. भोवती सगळी जत्रा गलबलत होती. किती वर्षांनी मी तो चेहरा पाहत होते! डोळे भरले आणि पडद्यावरचं मला काही दिसेना.

"नको," हे म्हणाले. "चंदी पहिल्यासारखी चालू करा. लसूणघास द्या, पाणी स्वच्छ ठेवा. बाकी काही लागत न्हाई हिला."

कंपनीनं दुसऱ्या डॉक्टरचा फोटो लावला. तोही छान हसतो. घोडी सुखरूप व्यायली. हे अजून जत्रेला जातात. घोडी पुढं आणली की लोक आधी गमतीनं विचारतात, "सायेब, हात?" हे दोन्ही हात वर करून दाखवतात, आणि मगच कान लावतात.