माझ्या नाटकात मी न लिहिलेली म्हातारी

मंडळी, भूतबाधा, दृष्टांत असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. माझा टाइल्सचा धंदा. टाइल आधी बोटानं ठोकायची, आवाज ऐकायचा, मग भावाचं बोलायचं... अशी माझी रीत. शिवाय जो प्रकार सांगतोय तो मी स्वतः पाहिलेला नाही. बाकी सगळ्यांनी पाहिला. दुखणं तेच आहे.

दिल्लीची द्वारका वसाहत तेव्हा नवी होती. मेट्रोचे नुसते खांब उभे राहत होते, पाणी टँकरनं यायचं, लाईट गेली की जनरेटर. पुण्या-मुंबईची नोकरदार मंडळी नव्या फ्लॅटांत राहायला येत होती आणि त्यांची बाथरूमं सजवत मी वर आलो. इचलकरंजीहून आलो तेव्हा मुनिरकात एका खोलीत चौघं झोपायचो. मला कुणी काही फुकट दिलेलं नाही.

आमच्या सोसायटीच्या गणपतीत दरवर्षी नाटक व्हायचं आणि दरवर्षी ते देवधर लिहायचे. सरकारी खात्यातले मोठे अधिकारी. हळू बोलणार आणि सगळे कान देऊन ऐकणार. स्टेजच्या फळ्या माझ्या, जनरेटरचं डिझेल माझं – आणि टाळ्या देवधरांना! शेवटी एका मीटिंगमध्ये मी बोललोच, "यंदा फळ्या हव्या असतील तर नाटक माझं." सौदा म्हणजे सौदा.

ऐतिहासिक नाटक लिहिलं. नायक रायाजी – शून्यातून वर आलेला सरदार. महिनोन्‌महिने वेढा पडलाय, तरी किल्ला सोडत नाही. ती भूमिका अर्थातच माझी. खलनायक गिरमाजी, किल्ल्याचा कारभारी. हळू बोलणारा, घसा खाकरून वाक्य सुरू करणारा. कुणावरून घेतला ते सांगायला नको. शत्रूसाठी दरवाज्याचा अडसर काढताना रायाजी त्याला पकडतो आणि गिरमाजी आपली पगडी रायाजीच्या पायांवर ठेवतो. नाटक समाप्त.

खलनायक करायला कुणी तयार होईना. देवधरांनी घसा खाकरला. "मी करतो की."

मला आकाश ठेंगणं झालं. सगळ्या सोसायटीसमोर हा माणूस माझ्या पायांवर पगडी ठेवणार!

तालमीत मात्र त्यांनी एकच टुमणं लावलं. "तावडे, हा गिरमाजी अडसर का काढतो?"

"हरामखोर आहे म्हणून."

"ते तुमच्या मते. त्याला स्वतःला काय वाटतं? खलनायकाला आपलंच बरोबर वाटलं पाहिजे हो. एक वाक्य द्या, बास."

"अर्धंही मिळणार नाही. फिक्स रेट आहे."

सगळे हसले. माझी बायको सुलभा प्रॉम्प्टिंगला होती. ती म्हणाली, "अहो, द्या ना. बरोबर बोलताहेत ते."

मग तर मी मुळीच दिलं नाही.

प्रयोग संध्याकाळच्या आरतीनंतर झाला. खालच्या पार्किंगमध्ये मांडव, टाइलच्या खोक्यांच्या लाकडाचा किल्ल्याचा दरवाजा. अडसराच्या प्रवेशात मी डाव्या विंगेशी, खांबाआड दबा धरून उभा. देवधर आले. अडसराला हात घातला आणि थांबले. माझ्या शेजारच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत राहिले. डोळे भरून आले त्यांचे. मी त्यांना लिहून दिलेलं वाक्य एवढंच होतं – "आता उघडतोच." ते त्यांनी इतक्या हळू म्हटलं की मांडवात मुसमुसणं ऐकू आलं. मी उडी मारून "खबरदार!" ओरडलो, तर प्रेक्षकांतून कुणीतरी "च्च" केलं. मला! नायकाला! पगडी पायांवर आली, पण एक टाळी पडली नाही.

पडदा पडताच शेजारच्या भाटिया आंटी धावत आल्या. "भाईसाब, वो माताजी कौन थीं? बोलीं कुछ नहीं, पर रुला दिया."

"कौन माताजी?"

"अरे वही, कोने में! खाली पतीली गोद में उलटी रखके बैठी थीं."

मग जोगळेकरांची मुलगी आली. दिल्लीतच वाढलेली, लुगडं हा शब्द तिला येत नव्हता. "काका, ती आजी... ती ग्रीन साडी, वो पुराने टाइप की... ती पातेलं उलटं का धरून बसली होती?" नंतर ज्यानं त्यानं तेच विचारलं.

मी देवधरांना मेकअपच्या खोलीत गाठलं. "माझ्या नाटकात परस्पर बाई घुसवता? कुठून आणलीत?"

त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "मी कशाला आणू? तुम्हीच आणलीत ना? तावडे, मी एक वाक्य मागितलं होतं, तुम्ही अख्खी आई दिलीत! वेढ्यात उपाशी बसलेली आई... दरवाजा कोण उघडणार नाही हो?"

सुलभा दारात उभी होती. "मीही पाहिली. वाटलं, मला न सांगता ठरवलं असेल तुम्ही."

सोसायटीत चौकशी केली, आसपासच्या इमारतींत केली. अशी कुणी बाई नव्हती. आणि मी? मी तिच्यापासून दोन हातांवर उभा होतो. नाटक माझं, फळ्या माझ्या, गिरमाजी माझ्या डोक्यातून निघालेला – आणि ती आली देवधरांसाठी. माझ्या रायाजीसाठी कुणीच का आलं नाही?

एक आशा होती – व्हिडिओ कॅसेट. शूटिंगवाल्याशी मी आधीच घासाघीस करून ठरवलं होतं, कॅमेरा सतत माझ्यावर ठेवायचा. त्यामुळे त्या प्रवेशात कोपरा फ्रेममध्ये आलाच नाही. दिसतो तो मी. तलवारीवर हात, नजर देवधरांवर. मग मी मागे विंगेकडे बघतो. तलवार जवळ ओढतो, खांबाला चिकटून अंग चोरतो आणि मान खाली घालतो – अरुंद जिन्यात वडीलधाऱ्या माणसाला वाट द्यावी तसा. थोडा वेळ थांबतो. मग परत समोर बघतो.

यातलं मला काहीही आठवत नाही.

देवधर रिटायर होऊन पुण्याला गेले. इथले जुने लोक अजून "ते म्हातारीचं नाटक" म्हणतात, माझं नाव कुणी घेत नाही. कॅसेट मी सुलभालाही दाखवलेली नाही. तुमच्यापैकी कुणाकडे उत्तर असेल तर जरूर कळवा. फक्त ‘देवधर नट मोठा होता’ असं कुणी लिहू नका. मी वाट कुणाला दिली? आणि दिली असेल, तर ती मलाच का दिसली नाही?