आप्पांचं ‘मजेत’

आप्पांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. आपण ‘कसे’पर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच ‘मजेत’ असं उत्तर आलेलं असायचं. ताप असला तरी मजेत, दाढ ठणकत असली तरी मजेत. साहजिकच ऑफिसातली निम्मी कामं आणि डोंबिवलीतल्या त्यांच्या सोसायटीतली झाडून सगळी कामं त्यांच्याकडे जायची. आज आप्पा नाहीत, पण कुणी मला फार चटकन ‘मजेत’ म्हणालं की मी अजूनही दचकतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि ठाण्यातली आमची छोटी कंपनी इंटरनेटवर लग्नं जुळवत होती. वेबसाइटचे तीन सर्व्हर होते आणि त्यांच्यापुढे एक लोड बॅलन्सर. हा डबा मालकांनी मोठ्या हौसेने आणला होता, पण तो करतो काय, हे फक्त आप्पांना ठाऊक होतं. उमेदीची वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढून ते आम्हा नव्या मुलांचे साहेब म्हणून आले होते. “हा डबा म्हणजे लग्नाच्या हॉलच्या दारात उभा असलेला मुलीचा काका,” ते सांगायचे. “आलेला पाहुणा, जिथे जागा आहे त्या पंगतीत नेऊन बसवायचा. स्वतः काही वाढायचं नाही.”

हे काकाचं काम आप्पा प्रत्यक्षातही करत. ओळखीच्या लग्नात ते दारात उभे असायचेच, आणि जिथे त्यांना उभं केलं नसेल त्या लग्नाला घरी येऊन नावं ठेवायचे. “एका रांगेत माणसं मावत नाहीत, दुसरीकडे वाढपी माश्या मारतायत. याला काय व्यवस्था म्हणतात?” त्यांच्या मते कल्याणपासून ठाण्यापर्यंत अलीकडे एकही लग्न धड झालं नव्हतं.

एकदा विठ्ठलवाडीचे एक गृहस्थ तावातावाने ऑफिसात आले. मुलीची माहिती भरताना दर पानाला त्यांना पुन्हा नावापासून सगळं विचारलं जात होतं. “सासरचेपण एवढी चौकशी करत नाहीत हो,” ते म्हणाले. झालं होतं असं, की डबा त्यांना दर वेळी वेगळ्या सर्व्हरकडे धाडत होता आणि त्यांची अर्धी माहिती राहिली होती पहिल्याकडे. आप्पांनी त्यांना चहा पाजला आणि डब्याला शिस्त लावली. ज्याने आमटी वाढली, त्यानेच भातही आणायचा.

पण आप्पांना खरा आनंद झाला तो एका रविवारी. रविवारी मुलींचे बाप सायबर कॅफेंत रांगा लावत, आणि त्याच दिवशी मधल्या सर्व्हरचा आमच्या स्थळांच्या साठ्याशी संबंध तुटला. तो पुरता बंद पडला असता तर डब्याने त्याला वगळलं असतं. पण डबा नुसतं ‘आहेस का?’ विचारायचा आणि हा ‘आहे’ म्हणायचा. कुणी स्थळ मागितलं की शोधाशोध न करता ‘आपल्या अपेक्षेप्रमाणे एकही स्थळ उपलब्ध नाही’ असं पान देऊन मोकळा व्हायचा. ज्याच्या हातात काम कमी त्याच्याकडे पुढचा पाहुणा धाडायचा, हा डब्याचा नियम, आणि हा तर सदा मोकळाच. दुपारपर्यंत जवळजवळ सगळे त्याच्याकडेच जाऊ लागले. मानपाड्यापासून कल्याणपर्यंतच्या उपवर मुलामुलींना कळलं, की आपल्यासाठी या जगात कुणी नाही.

मालक कपाळाला हात लावून बसले. “बघ,” आप्पा मला म्हणाले, “चटकन हो म्हणणाऱ्याच्या गळ्यात सगळं पडतं, आणि आतून गेलेला तोच असतो. नुसतं ‘आहेस का’ विचारू नये रे. खरं काम सांगून बघावं.” मग त्यांनी एक खोटी मुलगी तयार केली, गृहकृत्यदक्ष आणि हार्मोनियम वाजवणारी. डबा अधूनमधून प्रत्येक सर्व्हरला तिची माहिती शोधून आणायला सांगू लागला. जो आणणार नाही, त्याच्याकडे पाहुणा पाठवायचा नाही. तिला मागण्याही येऊ लागल्या, ती गोष्ट वेगळी.

हे सगळं शिकवणारा माणूस स्वतः मात्र मजेतच होता. ओळखलं ते त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी. एका सकाळी त्यांनी आप्पांना माळ्यावरचं पुरणयंत्र काढून द्यायला सांगितलं. आप्पा स्टुलापर्यंत गेले आणि तिथेच खाली बसले. “यांना कसे आहात विचारण्यात काही अर्थ नाही,” हॉस्पिटलात काकू मला म्हणाल्या. “काम सांगावं लागतं.” दुखणं हृदयाचं होतं. डॉक्टरांनी त्यांना नोकरी सोडायला लावली.

त्यानंतर मी त्यांना फोन करायचो तेव्हा तब्येत विचारत नसे. ‘परवाचं लग्न कसं झालं?’ एवढंच विचारायचो. मग आप्पा अर्धा अर्धा तास पंगतींवर तोंडसुख घ्यायचे आणि मी निर्धास्त व्हायचो.

एकदा त्यांच्या शेजारच्या मुलीचं लग्न झालं, म्हणून ऑफिसातूनच फोन केला.

“छान झालं,” आप्पा म्हणाले.

“आणि पंगती?”

“छान.”

मला भीती वाटली. मालकांना न सांगताच मी निघालो. डोंबिवलीला पोहोचलो तेव्हा काकू दारात उभ्या होत्या. आत आप्पा घामाने भिजून खुर्चीत बसले होते आणि शेजारी रिक्षा आणायला धावले होते.

“तुला कुणी कळवलं रे?” काकूंनी विचारलं.

“आप्पांनीच,” मी म्हणालो.

हॉस्पिटलात शिरल्या शिरल्या नावनोंदणीच्या दोन खिडक्या होत्या. एकीपुढे ही गर्दी, दुसरीतला माणूस पेपर वाचत बसलेला. स्ट्रेचरवरून आप्पांनी कष्टाने मान वळवून तिकडे पाहिलं.

“याला काय व्यवस्था म्हणतात?” ते पुटपुटले.

काकूंनी माझ्याकडे पाहिलं, आणि आम्हा दोघांच्याही जिवात जीव आला.