पुसलेल्या राणीच्या भिंतीपाशी

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर माझी लेक रेवा मला सोडायला आली ती तोंड फुगवूनच. मरीन परेडच्या आमच्या फ्लॅटची लीज संपत आली होती आणि मी परतल्यावर लगेचच घरमालकीणबाईंचा पेंटर भिंती पांढऱ्या करायला येणार होता. हॉलच्या भिंतीवर रेवाच्या बाबांनी, म्हणजे अविनाशनं, बॉलपेननं एक जहाज काढलेलं होतं. तो मरीन इंजिनिअर. आपला बाबा महिनोन् महिने कुठे असतो हे लेकीला कळावं, म्हणून त्यानं जहाजाचं पोट उघडं करून आतली इंजिनरूम दाखवली होती. तो वारला त्याला तीन वर्षं झाली. शाई उडत चालली होती, फोटोत काही म्हणजे काही उमटत नव्हतं, आणि बाई कितीही भल्या असल्या तरी भिंत काही कापून देणार नव्हत्या.

"तू पळून चाललीयेस," रेवा म्हणाली. पोरगी पंधरा वर्षांची, पण बोलली ते खोटं नव्हतं.

मी जहाजबांधणीच्या ऑफिसात ड्रॉइंगं करते. माझी कॉलेजातली मैत्रीण नंदा इजिप्तमध्ये, लक्सरजवळच्या एका प्राचीन राजमंदिरात, भिंतींवरच्या शिल्पांची चित्रं काढून त्यांची नोंद ठेवणाऱ्या चमूत आहे. तिला थोडे दिवस मदतीला हात हवा होता. रेवाला शेजारच्या काकूंकडे ठेवलं, रजा टाकली आणि निघाले.

नाईल ओलांडताना वाऱ्यानं माझी नवी टोपी नदीत नेली. होडीवाला इतका मनापासून हळहळला, की शेवटी मीच त्याची समजूत काढली. पलीकडे उसाचे फड. कोल्हापूरला आल्यासारखं वाटेपर्यंत ऊस संपतो आणि लगेच वाळू सुरू होते. तिच्यापुढे सरळसोट पिवळा डोंगर आणि पायथ्याशी मंदिर. तिथल्या अंगणात नंदाच्या चमूबरोबर मला गरम भाकरी आणि फूल (घेवड्यासारख्या दाण्यांची घट्ट उसळ) मिळाली, वर करकदे (लाल अंबाडीच्या फुलांचं आंबट-गोड सरबत). मी पुण्याहून आलेला लसूण-चटणीचा डबा काढला आणि पहिल्याच दिवशी लोकप्रिय झाले.

हे मंदिर एका राणीचं. तिनं राजा म्हणून राज्य केलं आणि मागून आलेल्या राजानं तिच्या आकृती भिंतींवरून छिन्नीनं खरवडून टाकायला लावल्या. कामाची रीत साधी आहे. भिंतीचा मोठा फोटो बोर्डावर लावायचा, भिंतीसमोर उभं राहायचं आणि फोटोवरच पेन्सिलीनं रेघा ओढायच्या. सावली कुठली आणि खरी कड कुठली हे फोटोला ठरवता येत नाही. ते डोळ्यांनीच ठरवावं लागतं.

माझ्या वाट्याला एका दाराशेजारची राणीची खरवडलेली आकृती आली. आमच्या ऑफिसात जहाजाची एक बाजू काढली की दुसरी उलटवून आपोआप तयार होते. दाराच्या दुसऱ्या अंगाला तिचीच एक आकृती बऱ्यापैकी शाबूत होती. मी ती मापं घेतली, उलटवली आणि इकडे नाक, ओठ, हनुवटी सगळं बसवून टाकलं. बाई पुन्हा अशी देखणी दिसायला लागली की मी स्वतःवरच खूश.

नंदानं कागद पाहिला आणि खोडरबर माझ्या हातात दिला.

"हे सुंदर आहे, पण भिंतीवर नाहीये," ती म्हणाली. "जे नाही ते काढायचं नाही. आणि जे आहे ते सोडायचं नाही. छिन्नीचा घाव न् घाव काढ."

मला रागच आला. ज्या हातांनी तिला पुसलं त्यांचीच कलाकुसर मी का म्हणून काढत बसू? तरी सगळं खोडून बसले. चमूतला महमूद बाहेर उन्हात आरसा धरून कवडसा आत सोडायचा आणि भिंतीवर आडवा फिरवायचा. आडव्या उजेडात प्रत्येक खड्डा उठून दिसतो. मी चिडचिड करत घाव काढत राहिले. संध्याकाळच्या आत लक्षात आलं, की खरवडणारा माणूस बाईच्या कडेकडेनंच नीट गेला होता. घावांची दाटी जिथे थांबत होती तिथेच तिचं कपाळ होतं, तिथेच खांदा. मी तिची एकही रेघ काढली नव्हती आणि ती कागदावर उभी होती. मला रडू आलं. नंदानं चहा आणून दिला.

सिंगापूरला उतरले, काकूंकडून रेवाला घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला उठवलं. ईस्ट कोस्टकडून बाल्कनीत ऊन येतं. तिच्या हातात अविनाशचा दाढीचा आरसा दिला, कवडसा भिंतीवर आडवा धरायला सांगितला आणि मोठा ट्रेसिंग पेपर भिंतीला लावायला घेतला. ती कुरकुरली. मग तिनं आरसा नीट धरला. शाई उडाली होती तिथे पेनच्या दाबानं प्लास्टरवर पडलेले चर दिसायला लागले होते. पंप, जिना, इंजिनाचे सिलिंडर. एका नळीपाशी काहीच नव्हतं. तिथे वाफ काढलेली होती, हे मला पक्कं आठवत होतं. ती जागा मी कोरी सोडली.

जहाजाच्या डाव्या अंगाला एक काळपट डाग होता.

"आई, दिस वन डर्ट ओन्ली लाह. स्किप," रेवा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"डागही काढायचा," मी म्हटलं.

डागाची कड काढत गेले. कड वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. चार बोटं आणि एक तळवा. अविनाश उजव्या हातानं चित्र काढायचा आणि डावा हात भिंतीला टेकवून उभा राहायचा.

रेवानं आरसा खाली ठेवला. तिनं आपला हात त्या डागावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. मग तिनं माझ्या हातातली पेन्सिल घेतली आणि उरलेला अंगठा तिनंच पुरा केला, जेवढा भिंतीवर होता तेवढाच.

राणीची भिंत अजून तिथे उभी आहे. आमची राहणार नव्हती. कागद गुंडाळताना मात्र मला पहिल्यांदाच हलकं वाटलं.

पेंटर आला तेव्हा दार रेवानंच उघडलं.