रेवताबाईची खराद

रेवताबाई कोणाच्याही घरी गेली की आधी लाकडाला गाल लावायची. पाट असो, खुर्ची असो, नवं दार असो. आता मी मुलाकडे सडक अर्जुनीला असते, पण मुर्रीला राहायला गेले तेव्हा पहिल्याच दिवशी ही शेजारीण चहाला आली आणि माझ्या नव्या कपाटाला गाल लावून उभी राहिली. मला वाटलं, बाईला चक्करच आली! तर म्हणते कशी, "थंडं लागते, बाई. लाकूड वलं हाय. दार वाकडं होईन." झालंही तसंच. सुताराला शिव्या देत मी ते दार तासून घेतलं.

तिच्या घरी खराद होती, म्हणजे लाकूड गरगर फिरवून कातायचं यंत्र. तिचा नवरा धनलालभाऊ त्यावर शोभेचे वाडगे काढायचा. साधेसुधे नव्हेत हो. पिवळा हळदू, तांबूस बिजा, तेंदूचा काळाभोर गाभा, अशा लाकडांच्या संत्र्यासारख्या फाकी कापायच्या, सरसानं जोडून कडं करायचं, कड्यावर कडं चढवायचं आणि ती चवड वाळली की खरादीवर कातायची. आतून बाहेरून नुसती नक्षी! कापणं-जोडणं रेवताबाईचं, कातणं धनलालभाऊचं. ती यंत्राच्या पलीकडे, अगदी त्याच्या समोर बसून फाकी जोडायची. सारा संसार तिनं तिथं बसून केला म्हणा ना. कोणी वाडग्याची तारीफ केली की ऐटीत सांगायची, "एका फाकीत सूतभर फरक पडू द्या, शेवटची बसतच नाही. मंग कितीही कोंबा!"

मग धनलालभाऊला लकवा मारला. जीव वाचला, उजवा हात गेला. नागपूरच्या मुलानं ठरवलं, खराद विकायची आणि आई-बाबांना घेऊन जायचं. त्याचं काही चुकलं नव्हतं. धनलालभाऊनंही मान डोलावली. रविवारी घेणारा येणार होता. रेवताबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मुलाला फोनवर सांगितलं, "मले कातून पाहू दे. जमलं तं मशीनही इथंच अन मीही इथंच. नाही जमलं तं ने बाप्पा."

जोडून वाळवलेल्या दोन चवडी घरात होत्या, त्यातली एक तिनं खरादीला लावली. तिनं नवऱ्याचा सदरा लुगड्यावर चढवला आणि पदर आत कोंबला. "पदर गुतला तं मीच कातल्या जाईन!" असं म्हणून खो खो हसली. मी दारात उभी. धनलालभाऊ खाटेवरून ओरडून राहिला होता, "उजव्या हातानं पटाशीची मूठ धर वो! उजव्या!" तिनं धरली. पटाशी फिरत्या लाकडात अडकली आणि वाडग्याच्या ठिकऱ्या उडाल्या. मी किंचाळलेच.

"सांगतलं होतं ना," धनलालभाऊ म्हणाला. "होत नाही तुयाच्यानं."

रेवताबाई तुकडे वेचत होती. एकेक उजेडात धरून पाहिला. "लाकूड फाटलं, जी. माहा जोड एकही सुटला नाही." मग पलीकडे आपल्या जुन्या जागेवर जाऊन बसली आणि हवेतच कातल्यासारखे हात हलवू लागली. मूठ डाव्या हातात. एकदम हसली. "आता समजलं! म्या तुमाले समोरून पाह्यलं. तुमचा उजवा हात माह्या डाव्या अंगाले. माहे हात तसेच शिकले."

"उलट्या हातानं कोणी कातते काय?"

"तुमी चूप राहा जी. तुमचाही आता डावाच चालते!"

दुखण्यानंतर तो पहिल्यांदा हसला, तो तेव्हा.

रविवारी घेणारा टेम्पो घेऊन दारात आला. गोंदियाचा माणूस, बोलणं हिंदीत. आत खराद घरघरत होती आणि रेवताबाई डाव्या हातानं दुसरा वाडगा कातत होती. पटाशीखालून हळदूची पिवळी सालपटं लांबच लांब निघून तिच्या पायांवर पडत होती. "भैय्या, मशीन बंद करवा दो, खोलनी है," पाना काढत तो म्हणाला.

धनलालभाऊनं खाटेजवळ आलेलं एक सालपट डाव्या हातानं उचललं; ते कुठंच तुटलं नव्हतं.

"मशीन रिकामी नाही जी," तो म्हणाला. "मालकीण काम करून राह्यली. बसा, च्या घ्या."

रेवताबाईला यातलं काही ऐकूच गेलं नाही. ती वाडग्याचा काठ पातळ करत होती.