मेण लावायला आलो होतो

"मोठ्यानं बोला, नाहीतर बोलूच नका."

दुकानाच्या पायरीवर पाऊल पडलं की काका वर न बघता हे म्हणायचे. गिऱ्हाईक असो, मीटर वाचायला आलेला माणूस असो की गणपतीची वर्गणी मागणारी मंडळी, सगळ्यांना एकच वाक्य. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला राग आला होता. मी पाऊण तास तांबट आळीत पत्ता विचारत फिरले होते आणि आणखी कोणाकडून टोमणे ऐकायची माझी तयारी नव्हती. मग त्यांनी हातोडी खाली ठेवली, उजवा कान माझ्याकडे वळवला आणि म्हणाले, "या बाजूनं. दुसरा बंद पडलाय."

जुन्या नाशकातली तांबट आळी तुम्ही पाहिली असेल. तिथे आता ठोक्यांचा आवाज फारसा येत नाही. भांडी गाडीतून उतरतात, काचेच्या कपाटात बसतात आणि विकली जातात. हाताने ठोकून काम करणारे म्हणून मला तीन जणांनी एकाच दुकानाकडे बोट दाखवलं. चौथ्याने बोट दाखवून वर सांगितलं, "पण ओरडावं लागेल हं, ताई." पन्नास-पंचावन्न वर्षं तांब्यावर ठोके देऊन काकांचे कान गेले होते. त्यांना त्याचं विशेष वाटत नसे. मुलीने आणून दिलेलं कानाचं यंत्र त्यांनी बिस्किटांच्या डब्यात ठेवून दिलं होतं. "त्यात सगळ्या आळीचा गोंगाट येतो," ते म्हणायचे, "समोरचा माणूस काही येत नाही."

माझा नाशिक रोडला लाकडी फर्निचरचा छोटा कारखाना आहे. गंगापूर रोडच्या एका डॉक्टरबाईंना नव्या घरासाठी जेवणाचं टेबल हवं होतं. सहा जणांचं, वरून तांब्याने मढवलेलं, आणि ते तांबं चकाकणारं नको होतं. वर्षानुवर्षं वापरून जुनं झाल्यासारखं दिसायला हवं होतं, तपकिरी, मधेच हिरवट. लाकूड माझ्या हातातलं होतं. तांब्यातलं मला काही कळत नव्हतं.

मी मोबाइलवरचा फोटो काकांसमोर धरला. त्यांनी चष्मा लावला, काढला, पुन्हा लावला.

"हे तर कळकलंय."

"हो. तसंच हवंय!" मी ओरडले.

"अहो, कळकलेल्या भांड्यातलं माणूस जेवत नाही, आणि हे लोक त्यावर जेवणार? आयुष्यभर मी हा हिरवा कळक चढू नये म्हणून झटलो. आता चढवायला सांगता?"

"ताटं वर ठेवणार, काका! वरून मेणाचा थर देऊ!"

ते बराच वेळ फोटो बघत राहिले. मग म्हणाले, "पत्रा आणा. बघू."

काम त्यांनी मन लावून केलं. पत्रा भट्टीवर तापवून मऊ केला, पाण्याने विझवला आणि ठोकायला घेतला. लाकडी ठोकळ्यावर पत्रा पुढे सरकवत, हातोडीच्या गुळगुळीत डोक्याने एकाशेजारी एक ठसे उमटवत जायचं. मठारकाम म्हणतात त्याला. सहा फुटांचा पत्रा. बाराव्या दिवशी त्यांनी मला त्यावर हात फिरवायला सांगितलं. मासळीच्या खवल्यांवरून फिरवल्यासारखं वाटलं. मग आम्ही दोघांनी तो माझ्या फळीवर बसवला. कडा त्यांनी खाली दुमडल्या आणि कोपऱ्यांच्या घड्या अशा घातल्या, जशा आई शाळेच्या पुस्तकाला कव्हर घालताना घालायची.

तोपर्यंत मी त्यांच्याकडे दिवसाआड जाऊ लागले होते. रोज सहाच्या सुमाराला त्यांचा फोन वाजायचा. वाजायचा म्हणजे थरथरायचा, कारण ते तो शर्टाच्या खिशात छातीशी ठेवत. मुलगी देवळ्याला दिलेली होती, तिचा फोन. ते फोन तोंडासमोर धरून म्हणत, "जेवलो. गोळी घेतली. गुडघा बरा आहे. ठेवतो." आणि ठेवून देत. पलीकडून काय आलं ते त्यांना ऐकू येत नव्हतंच. "तिला माझा आवाज गेला की झालं," ते मला समजावून सांगत. सहा वाजता ते खरं तर जेवलेले नसायचेच.

रंगाच्या वेळी मात्र आमची फजिती झाली. मी कुठेतरी वाचून एक रसायन आणलं, त्यांच्या मनाविरुद्ध टेबलाला फासलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खं टेबल पोपटी झालं. काकांनी बोट फिरवलं. बोटाला हिरवी पूड लागली.

"ही रांगोळी झाली," ते म्हणाले. हसले नाहीत. त्यांच्या बारा दिवसांच्या ठोक्यांवर मी ते फासलं होतं.

मला रडू यायच्या बेतात होतं. त्यांनी ते ओळखलं असावं. "वर चला, पाणी प्या," असं म्हणून ते जिना चढू लागले. दुकानाच्या वरच त्यांची खोली होती. एक कॉट, एक ताट, एक वाटी, एक पेला. सगळं स्वच्छ आणि सगळं एकेकच. पाणी पिता पिता माझी नजर मोरीकडे गेली. कोपऱ्यात तांब्याचं एक मोठं घंगाळ होतं. पोटाशी गडद तपकिरी, ओघळ आलेत तिथे काळसर, कड्यांच्या सांध्याशी मऊ हिरवं.

"काका, हाच रंग!" मी म्हणाले. त्यांना ऐकू गेलं नाही. मी त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन ओरडले, "असाच रंग हवाय! हा तुम्ही कसा आणला?"

ते घंगाळाकडे बघत उभे राहिले.

"आणला नाही. आला," ते म्हणाले. "ती होती तोवर दर शुक्रवारी चिंच लावून घासायची. तोंड दिसायचं त्यात. तिला जाऊन दोन वर्षं झाली. मी बादलीत आंघोळ करतो. याला कोणी हातच लावला नाही."

मी पेला विसळून होता तिथे पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझी पूड घासून काढली, टेबल लख्ख केलं आणि स्वतःच्या पद्धतीने सुरुवात केली. माझ्या कारखान्यातून सागवानाचा भुसा मागवला. तो मिठाच्या आणि व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून टेबलावर पसरला आणि वर ओली गोणपाटं घातली. तीन दिवसांनी उघडायचं, धुवायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा भुसा घालायचा. मधेच वर जाऊन ते घंगाळ बघून येत. एकदा तर ते घंगाळच खाली घेऊन आले आणि टेबलाशेजारी ठेवून रंग ताडून बघत बसले. तीन आठवड्यांनी शेवटचा भुसा झाडला, तेव्हा टेबल वीस वर्षं कोणाच्या तरी घरात राहून आल्यासारखं दिसत होतं. मग त्यांनी गरम मेण सुती फडक्याने चोळलं, आणि मला वाटतं, तेवढाच वेळ ते गुणगुणत होते. स्वतःला ऐकू येत नसल्यामुळे सूर भलतीकडेच चालला होता.

टेबल पोचवायला ते टेम्पोत पुढे बसून आले. त्या दिवशी डॉक्टरबाईंकडे सगळे घरी होते. नवरा, सासू, दोन मुली. सासूबाईंनी शिरा केला होता. त्यांनी आम्हा दोघांना सोडलंच नाही. "ज्यांनी केलं त्यांनी पहिलं जेवायचं," म्हणून काकांना बसवलं आणि बाकीचे भोवती बसले. मी जागा नव्हती म्हणून स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी उभी राहून खाल्लं. काका कमी बोलले. वरण वाढताना "बास" म्हणायला मात्र विसरले आणि वाटी भरून वाहिली.

परतताना टेम्पोत ते म्हणाले, "सहा ताटं होती."

"हो," मी मान हलवली.

"कळकलेल्यावर जेवलो. काही झालं नाही." आणि खिडकीकडे तोंड करून हसले.

ही गोष्ट इथे संपली असती तर मला आवडलं असतं.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंचा फोन आला. टेबल उत्तम होतं. अडचण वेगळीच होती. "ते काका दर गुरुवारी येतात," त्या म्हणाल्या. "चपला बाहेर काढतात, 'मेण लावायला आलो होतो' म्हणतात, फडकंसुद्धा स्वतःचं आणतात. अर्धा तास पुसतात. मग बसून राहतात. आम्ही बोललेलं त्यांना ऐकू येत नाही आणि त्यांचं बोलणं थांबत नाही. सासूबाई आधी चहा द्यायच्या, आता त्या आजारी आहेत. मोठीची बारावी आहे. माणूस इतका चांगला आहे की मला सांगवत नाही. तुम्ही आणलंत ना त्यांना, तुम्हीच सांगा."

तांब्याच्या टेबलाला वर्षातून दोनदा मेण पुरतं. हे मला काकांनीच सांगितलं होतं.

मी दुपारी आळीत गेले. मनात वाक्य तयार होतं, चांगलं गोड वाक्य. "काका, आता डॉक्टरांकडे जरा कमी जा," मी म्हणाले.

"काय?"

"मेण पुरेसं झालंय म्हणतात ते."

"मोठ्यानं बोला!"

मी त्यांच्या कानाशी वाकले. तरी "काय?" हेच. माझं गोड वाक्य तिसऱ्यांदा म्हणताना त्यातला गोडवा गळून पडला. "त्यांना अडचण होते, काका! तिकडे जाऊ नका!"

समोरच्या दुकानात एक बाई कळशी निवडत होती. तिने मान वळवून पाहिलं. दुकानदारानेही पाहिलं. शेजारचा माणूस पायरीवर येऊन उभा राहिला. हलक्या आवाजात सांगायची गोष्ट अख्ख्या आळीला कळली होती.

काकांनी हातोडी अलगद खाली ठेवली. "असं होय," ते म्हणाले. "टेबल बरं आहे ना?"

मी मान हलवली.

"मग झालं." त्यांनी हातानेच चहा सांगितला. मी तो प्यायले. त्या दिवशी पहिल्यांदाच ते हळू बोलले, इतकं हळू की मला त्यांच्याजवळ सरकावं लागलं. पावसाबद्दल काहीतरी बोलत होते.

पुढच्या आठवड्यात जाऊ, असं मी ठरवलं. मग एका हॉटेलचं काम आलं, मग सुतार गावी गेले, मग दसरा. दिवाळीच्या तोंडावर गेले तेव्हा दुकानाला कुलूप होतं. समोरच्या दुकानदाराने सांगितलं, "लेकीने नेलं देवळ्याला. इथे एकटे पडले होते ना." मी तिचा नंबर घेतला आणि पायरीवर बसूनच फोन लावला.

"बाबांना फोनवर ऐकू येत नाही," ती म्हणाली. "कोण म्हणून सांगू?"

मी नाव सांगितलं. मग लक्षात आलं की काकांनी माझं नाव कधी विचारलंच नव्हतं. "टेबलवाली म्हणा," मी म्हणाले.

पलीकडे ती ओरडली, "बाबा, टेबलवाल्या ताई!" लांबून काकांचा आवाज आला, आणि ती परत फोनवर आली. "जेवायला या म्हणतात. रविवारी या."

मी गेले. देवळ्याला उतरून रिक्षाने गावाबाहेर. घरासमोर कांदे साठवायची चाळ, अंगणात बाज, बाजेवर काका. वाळले होते. मला बघून उठले आणि मुलीच्या सासूला, जावयाला, शेजारच्या दोघांना माझी ओळख करून देऊ लागले. मुलीच्या सासूबाईंनी मला घरात नेऊन त्यांच्या अहिराणीत सांगितलं, "चांगला माणूस शे." मुलगी भाकऱ्या थापत होती. "सगळे जीव लावतात," ती म्हणाली, "पण करमत नाही त्यांना. इथं ठोकायला काय आहे?"

पंगत बसली तेव्हा मी मोजलं नाही, पण सहापेक्षा जास्त ताटं होती. काका खाली बघून जेवत होते. त्यांच्याशी बोलायचं तर कोणालातरी जेवण थांबवून ओरडावं लागत होतं, म्हणून कोणी बोलत नव्हतं.

जेवणानंतर अंगणात मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले. "काका, त्या दिवशी माझं चुकलं!"

"काय?"

"माझं चुकलं!"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "चुकलं कुठं? कोपरे बरोबर बसलेत," ते म्हणाले आणि माझ्या हातावर थोपटलं. त्यांना खरंच ऐकू गेलं नव्हतं की गेलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

मला स्टँडवर सोडायला ते हट्टाने रिक्षात बसून आले. नाशिकची एसटी लागलेलीच होती. मी खिडकीशी बसले. ऊन होतं, काच अडकून बसली होती, जोर लावूनही सरकली नाही. काका खाली उभे राहून बोलू लागले. गाडीचं इंजिन सुरू झालं. मी कानाला हात लावून खूण केली, पण ते थांबले नाहीत. हातांनी काहीतरी लांबरुंद दाखवत होते, मधेच हसत होते. कंडक्टरने घंटी दिली. गाडी वळली तरी ते तिथेच उभे राहून बोलत होते, मला दिसेनासे होईपर्यंत.

पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. कळवायला मुलीचा फोन आला, तेव्हा त्या दिवशी स्टँडवर ते काय सांगत होते, हे मी तिला विचारलं. तिला माहीत नव्हतं. ती स्टँडवर आलेलीच नव्हती.