अर्ध्यावर राहिलेला लेख

सन एकोणीसशे छत्तीस. मी एकोणतीस वर्षांचा होतो आणि अमरावतीत एका मासिकाच्या छापखान्यात शिशाचे खिळे जुळवत होतो. शाळा दुसरीपर्यंत झालेली, पण उलटी अक्षरं माझ्याइतकी भरभर जुळवणारा तेव्हा गावात नव्हता. नाही म्हणणाऱ्याशी मी आजही भांडीन.

आमच्या संपादकांना सगळे गुरुजी म्हणत. त्यांनी वऱ्हाडाला लिहायला लावलं. चांदूर बाजारच्या एका बागवानानं संत्र्याच्या कलमांवर आपल्या बोलीत लिहिलं, तर गुरुजींनी ते तसंच छापलं. पुण्याहून चेष्टेची पत्रं आली. गुरुजी म्हणाले, "हसू दे. वाचून तर राहिले!"

प्रत्येक अंकाचा पहिला लेख ते कधी कागदावर लिहीत नसत. माझ्याजवळ उभे राहून सांगायचे, मी जुळवायचो. मग प्रूफ काढून त्यांच्या हाती द्यायचं. त्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ छापायची नाही, हा नेम. त्या साली खोकल्यानं ते फार खचले. एका संध्याकाळी सांगता सांगता अर्ध्या वाक्यात थांबले. "उद्या पुरा करू," म्हणाले. पहाटे गेले.

तेराव्यानंतर अकोल्याच्या जठारपेठेतल्या एका लग्नपत्रिकावाल्यानं छापखाना घेतला. त्याचा माणूस खिळे न्यायला आला. सगळे खिळे सुटे करून पेटीतल्या आपापल्या खणांत टाकायचे होते. गुरुजींच्या त्या जुळवलेल्या अर्ध्या लेखाला मात्र मी हात लावू देईना.

"काहून रे, अंडे उबवून राहिला काय?"

"हो. तू सरक."

तेवढ्यात गुरुजींच्या पत्नी आल्या, आमच्या बाई. सोबत मासिकात नेहमी लिहिणारे एक वकीलसाहेब. ते म्हणाले, "चार ओळींत मी पुरा करतो. शेवटचा अंक तरी निघेल."

"साहेब, त्यांच्या लेखाले तुमचं शेपूट लागू देणार नाही."

"मग तू लाव!"

मी म्हटलं, "जेथवर सांगितला तेथवरच छापू."

बाई स्टुलावर बसल्या. "वाच."

लेख नव्यानं लिहिणाऱ्यांसाठी होता. भिऊ नका, पहिली ओळ वाईटच येते, ती खोडा, दुसरी लिहा, आणि तिसरी...

"पुढं?"

"पुढं त्यांनी सांगितलंच नाही."

"प्रूफ पाहिलं होतं?"

"नाही."

बाई खिळ्यांकडे पाहत म्हणाल्या, "अर्धा आहे म्हणून माझाही लेख परत केला होता त्यांनी. दोन दिवस बोलले नव्हते मी. त्यांचाच अर्धा कसा छापतोस? सुटा कर तो. त्याआधी मला एक कागद तेवढा काढून दे."

वकीलसाहेब टोपी उचलून निघून गेले. पुढं आम्ही कधी बोललो नाही. त्यांना पुरा करू दिला असता तर लेख वऱ्हाडभर गेला असता, असं लोक मला सुनावतात. गेला असता. पण तो गुरुजींचा नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाई लावून एकच कागद काढला आणि बाईंच्या घरी पोचवला. परत येऊन जुळवलेल्या खिळ्यांभोवती बांधलेली दोरी सोडली आणि एकेक खिळा ज्याच्या त्याच्या खणात टाकू लागलो. अकोल्याच्या माणसानं मदतीला हात पुढं केला. त्याला म्हटलं, "तू बाहेर बस."