हिरीबाईच्या पाव्हण्या

सुकट भाजल्याचा वास आला की मला अजूनही हिरीबाई आठवते. परवा आमच्या समाजकार्य महाविद्यालयाच्या मुलींना घेऊन रोह्याला गेले, तेव्हाही आठवली.

याच महाविद्यालयात पहिल्या वर्षाला असताना मी आणि माझी वर्गमैत्रीण शबाना तिथल्याच निडी गावाजवळच्या कातकरी वाडीत गेलो होतो. मुलांना शाळेत घालायचं, एवढंच आमचं काम. कुणाच्या तरी चुलीवर सुकट भाजत होती. एका चिमुरडीनं येऊन माझा हात धरला आणि मागून आरोळी आली, "पोरं पळवणाऱ्या आल्या!"

बघता बघता माणसांनी आम्हाला घेरलं. दोघांच्या हातात कोयते होते. "नाव काय गो तुझं?" एकानं शबानाला दरडावून विचारलं. ती माझ्यामागे सरकली.

तेवढ्यात त्या मुलीची आई, हिरीबाई, मध्ये येऊन उभी राहिली. "मागं व्हा! माझ्या पाव्हण्या हायत या." खरं तर तिनं आम्हाला पहिल्यांदाच पाहिलं होतं.

गर्दी पांगल्यावर तिनं आम्हाला घरात बसवून भाकरी वाढली. आम्ही ती नुसतीच मोडत बसलो. "भ्यालात? मी पण भ्याले," ती म्हणाली. "पल्याडच्या वाडीतली पोर कामाला म्हणून नेली, ती परत आली नाय."

आम्ही निघेपर्यंत तिनं मुलीला मांडीवरून उतरू दिलं नाही. तेव्हा मला ते लागलं होतं. आज कळतं, आमच्यावर विश्वास नसतानाही ती आमच्यासाठी कोयत्यांसमोर उभी राहिली होती.